म्युलर-लायर प्रयोग: नोंदी कुठे बिघडतात आणि नीट कशा घ्यायच्या

मानसशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की नाशिकमधली बरीच मुलं जर्नल घेऊन आमच्या घरी येतात. कुणी कॉलेज रोडवरून, कुणी पंचवटीतून, तर एखादी थेट सिन्नरहून बसनं. जर्नल उघडलं की म्युलर-लायरच्या, म्हणजे सारख्या लांबीच्या दोन रेघा लहान-मोठ्या दिसण्याच्या भ्रमाच्या, पानावर नेहमीचेच तीन प्रकार दिसतात. एकाच्या चाळीसच्या चाळीस नोंदींना 5 नं भाग जातो. दुसऱ्याची पक्की रेघ 150 मिमीची आणि सगळ्या नोंदी 148 ते 152 च्या मधल्या, म्हणजे भ्रम झालाच नाही. तिसऱ्यानं आधी उजव्या बाजूच्या वीस नोंदी उरकल्या, मग डाव्या बाजूच्या वीस, आणि खाली निष्कर्ष लिहिला, ‘प्रयुक्ताची दृष्टी सदोष आहे.’ (प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतो ती व्यक्ती.)

तिघांचंही गणित बरोबर असतं. बिघाड त्याआधीच झालेला असतो, साधन बनवताना, सूचना देताना आणि नोंदींच्या क्रमात. म्हणून या लेखात गणिताला कमी जागा आहे.

आधी दोन शब्द पक्के करा

एका रेघेच्या दोन्ही टोकांना आत वळलेल्या तिरप्या रेघा, जसं बाणाचं टोक. तिला बाणाची रेघ म्हणू. दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेल्या रेघा, जशी बाणाच्या मागची पिसं. ती पिसाची रेघ. लांबी सारखी असली तरी पिसाची रेघ लांब दिसते. बाणाची रेघ 150 मिमीवर पक्की ठेवायची आणि पिसाची रेघ ‘तेवढीच दिसेल’ अशी प्रयुक्ताकडून लावून घ्यायची, एवढाच प्रयोग. पिसाची रेघ मुळातच लांब दिसत असल्यामुळे प्रयुक्त ती 150 च्या बऱ्याच अलीकडे थांबवतो. त्याचं हे अलीकडे थांबणं किती, ते आपल्याला मोजायचं आहे.

रेघ हलवणार प्रयुक्तच, तुम्ही नाही. हीच सरासरी त्रुटी पद्धत. तुम्ही पट्टी हळूहळू सरकवली आणि प्रयुक्तानं ‘थांब’ म्हटलं, तर ती सीमा पद्धत झाली. जर्नलमध्ये ‘सरासरी त्रुटी पद्धत’ लिहायचं आणि प्रत्यक्षात सीमा पद्धत वापरायची, हा घोळ इतका नेहमीचा आहे की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.

टप्पा 1: साधन बनवणं

प्रयोगशाळेतलं लाकडी साधन चांगलं असेल तर तेच वापरा. त्याची पट्टी अडकत असेल किंवा मागची मोजपट्टी पुसली गेली असेल, तर दोन तासांत घरी बनवता येतं. सामान मेनरोड-रविवार कारंजा भागात सहज मिळतं: जाड पांढरा कार्डशीट, कोनमापक, स्टीलची पट्टी, बारीक टोकाचं काळं पेन, आलेखाचा कागद, फेव्हिकॉल. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा एक लांबट तुकडाही जपून ठेवा.

साधनाचे भाग दोन, खोळ आणि सरकपट्टी.

खोळीसाठी 20 सेंमी लांब, 11 सेंमी उंच असे कार्डशीटचे दोन तुकडे कापा. दोन्हींच्या मध्ये वरच्या आणि खालच्या कडेला 2.4 सेंमी रुंदीची एकेक पट्टी चिकटवा. ही पट्टी कार्डशीटचीच हवी आणि तिच्यावर साध्या कागदाचा एक थर हवा, म्हणजे आत सरकपट्टी फिरायला पुरेशी फट राहते. मधली पोकळी साधारण 6.2 सेंमीची होईल.

खोळीच्या पुढच्या बाजूवर बरोबर मधोमध आडवी रेघ काढा. ती खोळीच्या उजव्या कडेपासून सुरू होऊन डावीकडे 150 मिमीवर संपेल. दोन्ही टोकांना 3 सेंमीच्या तिरप्या रेघा, मुख्य रेघेशी 30 अंशात, आतल्या बाजूला वळलेल्या. उजव्या टोकाचा बाण नेमका कडेवर टेकला पाहिजे.

सरकपट्टी 30 सेंमी लांब, 6 सेंमी रुंद. तिच्यावर मधोमध रेघ काढा, डाव्या टोकापासून 26 सेंमीपर्यंत. तिथे बाहेरच्या बाजूला फाकलेल्या, तशाच 3 सेंमीच्या आणि 30 अंशांच्या दोन तिरप्या रेघा. पट्टी खोळीत घालून उजवीकडे ओढली की खोळीच्या कडेवरचा बाण दोन्ही रेघांचा सामाईक होतो. डावीकडच्या रेघेसाठी तो बाण, उजवीकडच्या रेघेसाठी तेच पीस.

सरकपट्टीच्या मागे आलेखाच्या कागदाची मिमीची पट्टी चिकटवा. शून्य पिसाच्या कोनाच्या बरोबर मागे, आणि आकडे खोळीच्या दिशेनं वाढत जाणारे. शून्याच्या बाहेरच्या अंगाला मागूनच पुठ्ठ्याची एक छोटी मूठ चिकटवा. प्रयुक्तानं पट्टी त्या मुठीनंच हलवायची. मूठ नसली की बोटं पुढून पिसावर येतात आणि अर्धं चित्र झाकलं जातं.

थर्माकोलमध्ये लांब चीर पाडा आणि खोळीचा खालचा दीड सेंमी तिच्यात बसवा. खोळ उभी राहते, प्रयुक्त समोरून बघतो आणि तुम्ही मागून आकडा वाचता.

याच मापाचा आणखी एक संच बनवा, पण त्यावर तिरप्या रेघा नकोत. टोकांना फक्त 5 मिमीच्या उभ्या खुणा. हा संच जवळजवळ कुणी बनवत नाही, आणि त्याच्याशिवाय हा प्रयोग अर्धाच राहतो. का, ते टप्पा 5 मध्ये.

*तपासा:* पट्टी ओढून पुढून स्टीलच्या पट्टीनं नेमके 100 मिमी करा आणि मागचा आकडा वाचा. तो 100 नसेल, तर खोळीच्या पुढच्या-मागच्या कडा एका रेषेत नाहीत किंवा शून्य हललं आहे. हे आत्ताच दुरुस्त करा. नंतर सगळ्या आकड्यांतून 2 मिमी वजा करणं हा इलाज नव्हे.

*तपासा:* पट्टीवरची रेघ आणि खोळीवरची रेघ एका सरळीत आहेत का? दोन्हींची जाडी आणि काळेपणा सारखा आहे का?

*सावध:* जून ते सप्टेंबर आपल्याकडे कार्डशीट दमट होतो आणि पट्टी अडखळत सरकते. जिथे पट्टी अडते तिथे प्रयुक्त थांबतो, आणि तो आकडा भ्रमाचा नसून पुठ्ठ्याचा असतो. पावसाळ्यात साधन रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि सकाळी पट्टीच्या कडांना थोडी टाल्कम पावडर चोळा.

मोबाईलवर हा प्रयोग करून देणारी ॲप आहेत. ती टाळा, असं माझं मत. स्क्रीन लहान, बोट रेघेवरच, आणि मिमीचा हिशेब प्रत्येक फोनवर वेगळा.

टप्पा 2: जागा, उजेड, अंतर

जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर माजघर नको, ओसरी घ्या. फ्लॅटमध्ये खिडकीजवळचं टेबल चालेल, पण खिडकी प्रयुक्ताच्या पाठीमागे किंवा वर हवी, बाजूला नको. बाजूनं उजेड आला की खोळीच्या कडेची बारीक सावली पट्टीवर पडते आणि सामाईक टोक जाड दिसायला लागतं.

डोळ्यांपासून खोळीपर्यंतचं अंतर 60 सेंमी ठेवा. टेबलावर खडूनं खूण करा आणि खुर्चीच्या पायांनाही. या अंतरावर 150 मिमीची रेघ डोळ्याशी साधारण 14 अंशांचा कोन करते. सगळ्यात स्पष्ट दिसतो तो डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, आणि त्यात फक्त दोनेक अंश मावतात. हात लांब करून अंगठ्याकडे बघितलं तर नखाची रुंदी जेवढी दिसते, जवळपास तेवढेच. म्हणजे अख्खी रेघ एका नजरेत स्पष्ट दिसतच नाही, डोळा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जात-येत राहतो. अंतर बदललं की हे सगळंच बदलतं. प्रयुक्त दर नोंदीला पुढे वाकत असेल तर तुम्ही चाळीस वेगवेगळे प्रयोग करताय.

टेबलावर वही, पेन, चौकटीचं कव्हर असं काही आडवं-उभं पडू देऊ नका. प्रयुक्त नकळत त्याच्याशी रेघ जुळवतो.

टप्पा 3: प्रयुक्त

कुणीही चालेल, मात्र तीन गोष्टी आधी विचारा.

चष्मा आहे का? असेल तर रोजचाच लावून बसवा. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर काचेच्या कडेनं सरळ रेघा थोड्या वाकतात, म्हणून त्या व्यक्तीला शक्यतो दुसऱ्या प्रयोगासाठी घ्या. बाकीच्यांना 60 सेंमीवरून वर्तमानपत्रातला मजकूर वाचायला द्या. अडखळत असतील तर त्या दिवशी नको.

झोप झाली आहे का? रविवारी सकाळी मिसळ हाणून आलेला मित्र प्रयुक्त म्हणून बसवू नका. विसाव्या नोंदीला तो पेंगायला लागतो. हे मी अनुभवानं सांगते.

हे चित्र आधी बघितलंय का? बहुतेकांनी बघितलेलं असतंच. घाबरू नका, माहिती असली तरी भ्रम जात नाही. पण माहिती असलेला माणूस ‘सुधारून’ उत्तर देतो, आणि ते पुढच्या टप्प्यातल्या सूचनेनं थोपवावं लागतं.

टप्पा 4: सूचना

बहुतेक नोंदी बिघडतात त्या इथेच. ‘दोन्ही रेघा सारख्या कर’ असं सांगितलं की प्रयुक्ताला वाटतं, आपली परीक्षा चालली आहे. मग तो मनात पट्टी लावतो, बोटं मोजतो, खोळीच्या कडेवरून अंदाज बांधतो. ज्याच्या सगळ्या नोंदी 150 च्या आसपास होत्या, त्याला विचारलं तर मैत्रिणीला त्यानं सांगितलं होतं, ‘फसू नकोस हां.’ झालं. मैत्रीण फसली नाही, पण मोजायचं तेच निघून गेलं.

सूचना कागदावर लिहा आणि दर वेळी तीच वाचा. मी ही वापरते:

‘तुमच्या समोर दोन रेघा आहेत. एक पक्की आहे, दुसरी तुम्हाला मुठीनं कमी-जास्त करता येते. मी पट्टी एका जागी लावून देईन. मी “घ्या” म्हटलं की पट्टी मी सांगेन त्या दिशेला सरकवा, आणि दोन्ही रेघा तुम्हाला सारख्या दिसतील तिथे थांबा. बरोबर-चूक असं काही नाही. रेघा खरंच किती लांब आहेत याचा विचार करू नका, दिसतात कशा एवढंच बघा. टोकांच्या तिरप्या रेघा झाकू नका, पूर्ण चित्र बघा. थोडं पुढे गेलात असं वाटलं तर मागे घ्यायला हरकत नाही.’

मोठ्या माणसांना ‘तुम्ही’, वर्गमित्राला ‘तू’. पण एकाच प्रयुक्ताशी मध्येच स्वर बदलू नका. सुरुवातीला ‘काकू, बघा बरं’ आणि तिसाव्या नोंदीला ‘काकू, आटपा’, असं केलं तर नोंदींत ते उमटतं.

*तपासा:* सूचना दिल्यावर विचारा, ‘तुम्हाला काय करायचं आहे, सांगा बरं?’ उत्तरात ‘दिसतील’ हा शब्द आला पाहिजे. ‘सारख्या करायच्या’ असं उत्तर आलं तर सूचना पुन्हा वाचा.

टप्पा 5: साध्या रेघेच्या आठ नोंदी

आधी बिनपिसांचा संच घ्या. तिरप्या रेघा नसतानाही माणूस नेमक्या 150 वर थांबत नाही. कुणी सवयीनं थोडं कमी लावतो, कुणी जास्त. त्याची ही मूळ सवय मोजलीच नाही, तर पुढे येणाऱ्या फरकात भ्रम किती आणि सवय किती, हे वेगळं काढता येत नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर रिकामी टोपली ठेवून आधी तिचं वजन बघतात, तसंच हे.

आठ नोंदी पुरतात. क्रम पुढच्या टप्प्यातलाच, फक्त प्रत्येक गटात पाचऐवजी एक नोंद.

टप्पा 6: चाळीस नोंदींचा क्रम

इथे घाई करू नका. प्रयोगाचा खरा आराखडा म्हणजे हा क्रम.

चार प्रकारच्या नोंदी घ्यायच्या आहेत. हलणारी रेघ पक्क्या रेघेच्या उजवीकडे असेल किंवा डावीकडे. डावीकडे हवी असेल तर खोळ चिरेतून काढून तिच्याच पातळीत अर्धा फेरा फिरवा आणि परत बसवा, वेगळं साधन लागत नाही. दोन्ही जागी पट्टी आखूडपासून वाढवत न्यायची किंवा लांबपासून कमी करत आणायची. म्हणजे उजवी-वाढती, उजवी-उतरती, डावी-वाढती, डावी-उतरती. प्रत्येकी दहा.

चार प्रकार कशाला? माणूस वाढवत जातो तेव्हा साधारणपणे लवकर थांबतो, कमी करत येतो तेव्हाही लवकर थांबतो. एकीकडे आकडा लहान येतो, दुसरीकडे मोठा. दोन्ही सारख्या संख्येनं घेतले की हे एकमेकांना कापतं. डाव्या-उजव्याचंही तसंच.

आता अडचण अशी की वारंवार बघितल्यानं हा भ्रम हळूहळू कमी होत जातो. उजव्या वीस आधी घेतल्या आणि डाव्या वीस नंतर, तर डावीकडचा फरक कमी येणारच. त्यात डावेपण किती आणि सराव किती, हे नंतर कुठल्याही सूत्रानं सुटत नाही. म्हणून पाच-पाच नोंदींचे आठ गट करा आणि ते असे लावा:

1. उजवी-वाढती
2. उजवी-उतरती
3. डावी-उतरती
4. डावी-वाढती
5. डावी-वाढती
6. डावी-उतरती
7. उजवी-उतरती
8. उजवी-वाढती

प्रत्येक प्रकाराच्या दोन गटांचे क्रमांक मिळवून बघा. 1 आणि 8, 2 आणि 7, 3 आणि 6, 4 आणि 5, सगळीकडे 9. सरावानं होणारी घट एका चालीनं होत असेल तर चारही प्रकारांना ती सारखीच भोवते. शिवाय खोळ दोनदाच फिरवावी लागते, दुसऱ्या आणि सहाव्या गटानंतर.

सुरुवातीची जागा दर वेळी वेगळी हवी. वाढत्या नोंदीसाठी 70 ते 100 मिमीच्या मधली, उतरत्यासाठी 170 ते 200. चाळीस आकड्यांची यादी आदल्या रात्रीच लिहून ठेवा. आयत्या वेळी ‘मनाला येईल तो’ आकडा घेतला की हात रोज त्याच दोन-तीन जागी जातो, आणि प्रयुक्त पट्टी किती सरकवली यावरूनच थांबायला शिकतो. मग तो डोळ्यानं नव्हे, हाताच्या अंदाजानं रेघ लावतो.

*सावध:* दर दहा नोंदींनंतर एक मिनिट विश्रांती. प्रयुक्ताला खिडकीबाहेर लांब बघू द्या. फोन नको.

टप्पा 7: एक नोंद

पट्टी यादीतल्या जागी लावताना प्रयुक्ताला डोळे मिटायला सांगा. ‘घ्या’ म्हणा, दिशा सांगा. तो थांबला की ‘झालं?’ एवढंच विचारा. मागून आकडा वाचा, डोळा नेमका खोळीच्या कडेच्या समोर आणून. तिरकं बघून वाचलं की एक-दोन मिमी सहज इकडे-तिकडे होतात.

आकडा मिमीपर्यंत लिहा. 127 असेल तर 127. पाच-शून्याकडे ओढणारी बोटं प्रयुक्ताची नसतात, लिहिणाऱ्याची असतात.

कागद प्रयुक्ताला दिसू नये. तुमचा चेहराही जमल्यास दिसू नये. 112 सारखा आकडा बघून तुमच्या भुवया वर गेल्या की पुढच्या नोंदीला तो 120 वर थांबतो. ‘छान’, ‘बरोबर’, ‘अरे वा’ हे शब्द त्या अर्ध्या तासापुरते घरी ठेवा.

एखादी नोंद खरंच बिघडली, जसं खालून बँड गेला, दार वाजलं, मूठ निसटली, तर तिच्यावर एक रेघ मारून कारण लिहा आणि त्याच गटाच्या शेवटी पुन्हा घ्या. ‘विचित्र आकडा’ हे कारण होत नाही.

टप्पा 8: प्रयुक्ताचा अनुभव

नोंदी संपल्या की लगेच विचारा, आकडे सांगण्याआधी. ‘थांबायचं कसं ठरवलंत?’ ‘कुठली बाजू सोपी वाटली?’ ‘शेवटी-शेवटी काही बदललं का?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. एकदा आमच्या शेजारच्या आजींना बसवलं होतं. हातानं ठिपक्यांची रांगोळी काढताना त्यांचा ठिपका कधी हलत नाही. प्रयोगानंतर मी दोन्ही रेघा पट्टीनं मोजून दाखवल्या, तर म्हणाल्या, ‘तुझी पट्टीच खोटी.’ जर्नलमध्ये ‘प्रयुक्तास प्रयोग आवडला’ यापेक्षा हे वाक्य लाख मोलाचं.

मनात हिशेब केला असं कुणी कबूल केलं तर तेही लिहा. नोंदी फेकू नका, पण निष्कर्षात त्याचा उल्लेख करा.

टप्पा 9: गणित

समजण्यासाठी मीच बनवलेले आकडे घेऊ. दहा-दहा नोंदींच्या सरासऱ्या अशा आल्या: उजवी-वाढती 124, उजवी-उतरती 130, डावी-वाढती 126, डावी-उतरती 134.

चाळीसांची सरासरी 128.5 मिमी. म्हणजे 128.5 ची पिसाची रेघ या व्यक्तीला 150 च्या बाणाच्या रेघेएवढी दिसते. स्थिर त्रुटी 128.5 वजा 150, म्हणजे उणे 21.5 मिमी, शेकडा सुमारे 14.3. उणे चिन्ह गाळू नका. ते गाळलं की कुठली रेघ लांब दिसली हेच पुसलं जातं.

दिशेची त्रुटी: उतरत्यांची सरासरी 132, वाढत्यांची 125, फरकाचा अर्धा 3.5. जागेची त्रुटी: उजवी 127, डावी 130, उजवीतून डावी वजा करून अर्धा उणे 1.5.

आता साध्या रेघेच्या आठ नोंदी काढा. त्यांची सरासरी 149 आली असेल, तर निव्वळ भ्रम 149 वजा 128.5, म्हणजे 20.5 मिमी. उरलेला 1 मिमी त्या माणसाची सवय.

प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या ते, चारही प्रकारांचं वेगवेगळं काढा. चाळीस नोंदी एकत्र करून काढलं तर दिशेचा आणि जागेचा फरक त्यात मिसळतो आणि माणूस आहे त्यापेक्षा डळमळीत दिसतो. स्थिर त्रुटी आणि विचलन यांची गल्लतही नको. काटा शून्यावर नसणं वेगळं, आणि काटा थरथरणं वेगळं. भ्रम म्हणजे पहिला प्रकार.

*तपासा:* पहिल्या वीस नोंदींची सरासरी आणि शेवटच्या वीसांची शेजारी मांडा. दोन्हींत चारही प्रकार पाच-पाच आहेत, म्हणून तुलना रास्त आहे. शेवटच्या वीसांची सरासरी 150 कडे सरकलेली असेल तर सरावाचा परिणाम दिसला, तो लिहा. नसेल दिसला तर तेही लिहा.

टप्पा 10: निष्कर्ष

‘दृष्टी सदोष आहे’ हे वाक्य खोडा. डोळ्याच्या पडद्यावर दोन्ही रेघा त्यांच्या मापानंच उमटलेल्या असतात. वेदन (डोळ्यानं टिपलेलं) ठीक आहे, संवेदन (मेंदूनं लावलेला अर्थ) वेगळं लागतं आहे, आणि ज्यांची नजर उत्तम त्यांनाही ते तसंच लागतं.

‘हा भ्रम अमुकच कारणानं होतो’ असंही लिहू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी 1963 मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण सगळ्या गाइडांत असतं: पिसाची रेघ खोलीच्या आतल्या, लांबच्या कोपऱ्यासारखी दिसते, बाणाची इमारतीच्या जवळच्या कोपऱ्यासारखी, आणि मेंदू लांबच्या वस्तूला मोठं धरतो. स्पष्टीकरण देखणं आहे. पण तिरप्या रेघांच्या जागी नुसती वर्तुळं काढली तरी भ्रम होतो, आणि वर्तुळांत कोपरा कुठून आणायचा? उठावदार रेघा बोटांनी चाचपूनही हा भ्रम होतो, जन्मांध व्यक्तींनासुद्धा.

‘शहरी लोकांना चौकोनी खोल्यांच्या सवयीनं भ्रम होतो’ हे अर्धंच वाक्य आहे. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोवित्स या संशोधकांच्या 1966 च्या अभ्यासात वेगवेगळ्या समाजांत भ्रमाचं प्रमाण खूप वेगळं आढळलं, हे खरं. पण संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात, जन्मापासूनच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नुकतीच दृष्टी आलेल्या भारतीय मुलांनाही हा भ्रम लगेच झाला. ते काम 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या मुलांना चौकोनी खोल्या बघायची सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. जर्नलमध्ये दोन्ही लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा.

एकाच प्रयुक्तावरून ‘मुलींना भ्रम जास्त होतो’ असं लिहिणारेही भेटतात. एका माणसाच्या नोंदींवरून त्या माणसाबद्दलच बोला. वर्गातल्या तीस जणांच्या सरासऱ्या एकत्र केल्यात तर वर्गाबद्दल बोला. त्यासाठी सगळ्यांचं अंतर, कोन आणि सूचना एकच असायला हव्यात. तिरप्या रेघांचा कोन एकाचा 30 आणि दुसऱ्याचा 60 अंश असेल तर आकडे एकत्र करू नका, कोन मोठा झाला की भ्रम कमी होतो.

जर्नलला मूळ नोंदींचा कागद जोडा, खाडाखोडीसकट. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलेला तक्ता वेगळा द्या. साधन मोडू नका. सरकपट्टी खोळीतून काढून दोन्ही सपाट ठेवा आणि मागे पेन्सिलीनं लिहा: 150 मिमी, 30 अंश, 3 सेंमी, आणि शून्य शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख.